पंचनामा नुकसानीचा, चौकशी गरजेची

पूर ओसरला, भूकंपाचे हादरे थांबले किंवा दरड कोसळून गेली, की आपल्याकडे सर्वप्रथम पंचनामा होतो. किती भिंती पडल्या, किती गुरे दगावली, किती गुंठ्यांवरचे पीक वाहून गेले, धान्याची किती पोती भिजली, याची नोंद तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे असते, गावाच्या तोंडी मात्र तो तलाठीच आहे.) पंचांच्या सह्या-अंगठे होतात, कागद तहसिलात जातो आणि यथावकाश भरपाईचा आकडा खात्यावर जमा होतो. हा पंचनामा आवश्यक आहे याविषयी दुमत नाही. परंतु पंचनामा म्हणजे जे गेले त्याचा हिशेब. जे मागे उरले आहेत त्यांना उद्या सकाळी धडधाकट राहण्यासाठी काय लागणार आहे, हा प्रश्न तो विचारीत नाही, आणि विचारावा अशी त्याची रचनाही नाही. पडलेल्या भिंतीची लांबी-रुंदी त्यात येते. त्या भिंतीआड राहणाऱ्या म्हातारीची मधुमेहाची औषधे वाहून गेली, हे येत नाही. दगावलेली म्हैस येते. आठवा महिना भरलेली सून कोणत्या शाळेच्या ओसरीवर निजली आहे, हे येत नाही.

ही उणीव मग अंदाजाने भरून काढली जाते. मदत पाठविणाऱ्याच्या मनात आपत्तीचे एक चित्र अगोदरच तयार असते: जखमींनी भरलेली रुग्णालये, उघडी पडलेली प्रेते, त्यांतून पसरणारी पटकी, अंगावर वस्त्र नसलेली माणसे. या चित्राबरहुकूम मदत निघते. औषधांची खोकी, जुन्या कपड्यांची गाठोडी, बिस्किटांचे पुडे आणि शल्यचिकित्सकांची पथके यांनी भरलेल्या गाड्या मुख्य रस्त्यावरच्या पहिल्या गावात येऊन थांबतात. त्या गावाला दोनदा मिळते, आतल्या वाडीला एकदाही नाही. मदतीमागील भावना खरी असते, म्हणूनच तिचा असा अपव्यय अधिक खटकतो.

हा दोष केवळ आपला आहे असेही नाही. १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे पाच हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य तेथे जाऊन पडले. ते नुसते पाहून, निवडून लावण्यास पन्नास माणसांना सहा महिने लागले. त्यांपैकी जेमतेम ३० टक्के औषधे सहज ओळखू येण्याजोगी होती. आणीबाणीच्या उपयोगाची म्हणावी अशी होती ४२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेला १९९६ साली औषधदानाचे नियम घालून द्यावे लागले, त्यामागे असे अनेक अनुभव होते. त्याआधी १९७६ च्या फेब्रुवारीत ग्वाटेमालातील भूकंपानंतर असेच दिसले होते, की जखमींची गर्दी पहिल्या आठवड्यातच ओसरते. बाहेरून येणारी फिरती रुग्णालये तंबू ठोकून सज्ज होतात तोवर त्यांच्या दारी येणारे रुग्ण बहुधा नेहमीच्या दुखण्यांचे असतात.

शितावरून भात

अंदाजाऐवजी प्रत्यक्ष चौकशी करून आपत्तीचे स्वरूप ठरविण्याचा एक फार मोलाचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि त्याबरोबर समुद्राची प्रचंड लाट आली. भोला बेटाच्या नावाने ते वादळ ओळखले जाते. ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत त्या वेळी आल्फ्रेड सोमर हे तरुण अमेरिकन डॉक्टर काम करीत होते. ‘अ’ जीवनसत्त्वावरील त्यांचे संशोधन पुढे जगन्मान्य झाले. त्यांनी आणि विली मोझ्ली यांनी बाधित भागातील निवडक ठिकाणी, निवडक कुटुंबांकडे माणसे पाठवून चौकशी करविली. काही काळाने दुसरी, अधिक विस्तृत पाहणी केली. १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचा वृत्तान्त आला.

त्यांच्या हिशेबाने किमान २ लक्ष २४ हजार माणसे मेली होती. पाहणी केलेल्या प्रदेशातील लोकसंख्येच्या साडेसोळा टक्के. मेलेल्यांत लहान मुले, वृद्ध व स्त्रिया यांचे प्रमाण फार मोठे होते. कर्ते पुरुष अधिक वाचले. याचे कारण क्रूर म्हणावे इतके साधे होते. लाट अंगावर आली तेव्हा ज्यांच्या दंडांत झाडाला मिठी मारून राहण्याचे बळ होते, ते उरले. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांच्या व मांड्यांच्या आतल्या बाजूस सोलवटल्याच्या जखमा सर्रास आढळल्या. त्या या मिठीच्या खुणा होत्या. याखेरीज वाचलेल्यांमध्ये फारसा आजार नव्हता. ज्या साथींची धास्ती जग घेऊन बसले होते त्या उसळलेल्या नव्हत्या. मोठ्या फिरत्या रुग्णालयांची तेथे गरज नव्हती. गरज होती ती घराची, अन्नाची, नांगर ओढणाऱ्या बैलांची, होड्यांची व जाळ्यांची. कारण वादळ आले ते भाताची कापणी तोंडावर असताना, आणि पुढचे पीक घेण्याची साधने त्याबरोबर गेली होती. म्हणजे आरोग्याची चौकशी करावयास गेलेल्या डॉक्टरांनी परत येऊन सांगितले काय, तर लोकांना बैल द्या. कोणत्याही राजधानीतील कार्यालयात बसून हे उत्तर सुचले नसते.

ही चौकशी भराभर करण्याची रीत पुढे अधिक सोपी व पक्की झाली. तिचे मूळ लसीकरणाच्या पाहण्यांत आहे. एखाद्या जिल्ह्यातील किती मुलांना लस टोचली गेली हे कळावे म्हणून प्रत्येक घर मोजीत बसण्याऐवजी तीस ठिकाणे निवडावयाची आणि प्रत्येक ठिकाणी सात मुले पाहावयाची. आपत्तीनंतर मुलांच्या जागी घरे येतात. तीस ठिकाणची सात-सात, म्हणजे एकूण दोनशे दहा घरे. अमेरिकेत १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडात या धर्तीवर पाहणी झाली, आणि आज तेथील रोगनियंत्रण केंद्र हीच रीत सर्वत्र शिकविते. दोघादोघांची पंधरा पथके नेमली, तर दोन-तीन दिवसांत काम उरकते.

यात जादू काही नाही. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपल्या घराघरांतील बायकांना हे शास्त्र केव्हाच ठाऊक आहे. मात्र शीत कोठले घ्यावे, याला महत्त्व आहे. वरचा भात शिजलेला आणि बुडाचा करपलेला असू शकतो. म्हणून गावांची व वस्त्यांची कुटुंबसंख्येसह यादी करून, मोठ्या वस्तीला मोठी संधी व लहान वस्तीलाही तिच्या प्रमाणात संधी मिळेल अशा रीतीने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठिकाणे निवडावी लागतात. जीप जेथवर जाते तेथवरची तीस गावे घेतली, तर ती पाहणी रस्त्याची होईल, लोकांची नव्हे. शिवाय दोनशे दहा घरांवरून निघणारे उत्तर अदमासेच असते. ते साधारणतः दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. पण निर्णयाला तेवढे पुरते. बाधित घरांपैकी साठ टक्के घरांत पिण्याचे पाणी अशुद्ध आहे की सत्तर, याने कलेक्टरचा हुकूम बदलत नाही. दहा आहे की साठ, याने बदलतो. आपत्तीनंतर चौथ्या दिवशी मिळालेले ओबडधोबड उत्तर चौथ्या महिन्यात छापून आलेल्या सुबक अहवालापेक्षा शतपट उपयोगी असते.

किल्लारीने काय दाखविले

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार करताना किल्लारी टाळून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत भूमी हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जन झालेले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे. काही नोंदी त्याहून मोठा आकडा देतात. बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली.

त्या दिवसांत मदतीचा जो ओघ लोटला तो महाराष्ट्राला भूषणावह होता. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवावयास हव्यात. पहिली प्रेतांविषयीची. प्रेतांमुळे रोगराई पसरेल या भीतीने घाईघाईने सामुदायिक दहन झाले. वस्तुतः धडधाकट माणसे अपघाताने मरतात तेव्हा त्यांच्या प्रेतांपासून साथ उद्भवत नाही, हे आज वैद्यकाने निर्विवाद मानले आहे. साथ पसरते ती जिवंत माणसांच्या गर्दीतून, त्यांच्या पाण्यातून व मलमूत्राच्या अव्यवस्थेतून. त्या भीतीपायी अनेक नातलगांना आपल्या माणसाचे तोंड अखेरचे पाहता आले नाही, आणि ही जखम पंचनाम्यात कोठेच नव्हती. दुसरी गोष्ट नंतरची. हाडे जुळून आली, टाके निघाले. झोप न येणे, आवाज होताच दचकून घराबाहेर धावणे, सारे कुटुंब गमावून एकट्याने उरणे, ही दुखणी तशीच राहिली. त्या भागात मानसिक आरोग्याची पाहणी व उपचार करण्याचे प्रयत्न पुढे झाले खरे, परंतु जखमींची मोजदाद पहिल्या दिवसापासून होते आणि न झोपणाऱ्यांची कित्येक महिन्यांनी, हा क्रम आजही फारसा बदललेला नाही.

ज्या गरजा आधीपासून कोणत्याच यादीत नसतात, त्या विचारल्याखेरीज कळत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कोळीवस्त्यांतील अशा माता पुढे आल्या, की ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि ज्यांची मुले लाटेने नेली. त्यांना पुन्हा मूल हवे होते. राज्य सरकारने बंद केलेली नलिका पुन्हा जोडून देणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला. मदतसाहित्याच्या कोणत्या सूचीत ही बाब आधी लिहून ठेवता आली असती? ती त्या बायकांनीच सांगावी लागली, आणि कोणीतरी ऐकून घ्यावी लागली.

पाणी उतरल्यानंतर

पुराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यातील आजार उशिरा येतात. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहर त्या आठवड्यात मृतांची संख्या मोजीत होते. पाणी ओसरले, गाड्या धावू लागल्या, आणि मग ऑगस्टमध्ये तापाचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. उंदरांच्या मूत्रातील जंतू पुराच्या पाण्यातून पायांच्या बारीक जखमांवाटे शरीरात शिरतात आणि बहुधा एक-दोन आठवड्यांनी ‘लेप्टो’चा ताप चढतो. कंबरभर पाण्यातून तासन् तास चालत घरी गेलेल्या लक्षावधी लोकांपैकी कोणाच्या पायाला जखम होती, कोणत्या वस्तीत पाणी किती दिवस तुंबून होते, हे पहिल्या आठवड्यात विचारले, तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कोठे आधी पोचवाव्यात हे ठरविता येते. मुंबई महापालिका आता पाण्यातून चाललेल्यांना अशा गोळ्या घेण्याचे आवाहन दर पावसाळ्यात करते. तो धडा त्या वर्षाचा आहे.

म्हणून एकदाच चौकशी करून भागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत एक आणि दोन आठवड्यांनी दुसरी, अशा दोन फेऱ्या हव्यात. पहिलीत पाणी, निवारा, जखमा, बाळंतपण आणि रोजची औषधे. दुसरीत ताप, हगवण, झोप आणि घरातील चूल पेटते की नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरची गावेच्या गावे कित्येक दिवस पाण्यात होती. कोल्हापूर शहराची पंपगृहे बुडाल्यामुळे सभोवार पाणीच पाणी आणि नळ मात्र कोरडे, असा प्रकार झाला. अशा वेळी ‘माणशी किती लिटर शुद्ध पाणी मिळते’ हा एक प्रश्न दहा भाषणांहून अधिक सांगून जातो. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे ते किमान पंधरा लिटर असावे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असा शेरा नोंदवहीत असतोच. घरातल्या हंड्यातील पाण्यात क्लोरीन उरला आहे काय, हे हंडा पाहिल्यावाचून कळत नाही.

विचारणारा कोण?

‘माणसे बुडत असताना चौकशी कसली करता?’ असा आक्षेप घेतला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. परंतु बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचे काम पहिल्या काही तासांत बव्हंशी शेजारीपाजारीच करतात, आणि कोणतीही पाहणी त्यांच्या आड येत नाही. प्रश्न त्यानंतरच्या ट्रकचा आहे. तो ट्रक कोणते सामान भरून, कोणत्या फाट्यावर वळवावा, हे सांगणारे कोणी नसेल, तर तो जेथे घोषणा मोठी तेथे जाईल. खरे म्हणजे ‘पाहणी’ हा शब्दच आपल्याकडे बिघडला आहे. पाहणी म्हणजे मंत्र्यांचा दौरा, छायाचित्रकारांचा ताफा आणि वरून फिरणारे हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरमधून पाणी दिसते, छपरे दिसतात. ताप दिसत नाही.

सर्वांत मोठा धोका मौनाचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, तेव्हा ती वार्ता बाहेर आली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीच्या जागी गाव दिसेना म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेथे तर चढण चढून पायीच जावे लागत होते. ज्या उपकेंद्राकडून ‘निरंक’ असा अहवाल येतो आणि ज्याकडून काहीच येत नाही, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला कदाचित मदत नको असेल. दुसऱ्याकडे आज संध्याकाळच्या आत माणूस गेला पाहिजे. सरकारी तक्त्यात मात्र दोन्ही रकाने सारखेच कोरे दिसतात. याद्यांतही न सापडणारी माणसे आहेत: वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या टोळ्यांतली, नदीकाठच्या पालांवरची, गावकुसाबाहेरची. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी यादीत ही पाले घातली गेली नाहीत, तर सारे गणित शुद्ध असूनही उत्तर खोटे येईल.

मग विचारावे कोणी? महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा स्वयंसेविका आहेत. त्यांच्याखेरीज अंगणवाडी सेविका आहेत, उपकेंद्रांतील परिचारिका आहेत. कोणत्या घरी गर्भवती आहे, तिची तारीख केव्हाची, क्षयाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, कोणाचा रक्तदाब वाढलेला, हे त्यांच्या वह्यांत आणि वह्यांपेक्षा त्यांच्या डोक्यात असते. किल्लारीनंतरच्या घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले, आणि सरकार व गाव यांच्यामधला दुवा त्यांनी उत्तम रीतीने सांभाळला. त्या बांधकामाच्या कामी आल्या, तर आरोग्याच्या चौकशीत त्या अधिकच उपयोगी पडतील. मात्र एक विसरता कामा नये. पूर आलेल्या गावातील आशा ही स्वतःही पूरग्रस्त असते. तिच्याही घरात गाळ असतो. तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या त्या बाईवर आणखी एक तक्ता लादून मोकळे होणे हा सोपा व अन्यायाचा मार्ग आहे. शेजारच्या कोरड्या तालुक्यातील एक आणि गावची एक, अशी जोडी करावी. गावची वाट दाखवील, बाहेरची लिहून घेईल, आणि दोघींना त्या दिवसांची रोजी वेगळी मिळावी.

प्रश्नही थोडे हवेत; एका पानाच्या दोन बाजूंत मावतील एवढेच. घरात किती माणसे, त्यांत पाच वर्षांखालील किती, गर्भवती कोणी आहे काय, रोजचे औषध कोण घेते आणि ते किती दिवसांचे उरले आहे, पाणी कोठून आणता, शौचाला कोठे जाता, तीन दिवसांत कोणाला ताप किंवा जुलाब झाले, कोणाला लागले, घरातले कोणी बेपत्ता आहे काय. आणि शेवटी एक मोकळा प्रश्न: आज तुम्हांला सर्वांत अधिक काय हवे? या शेवटच्या उत्तराला बहुतेक अधिकारी बिचकतात. लोक वाटेल ते मागतील अशी त्यांना भीती वाटते. भोल्याच्या किनाऱ्यावर लोकांनी वाटेल ते मागितले नव्हते.

विचारणे म्हणजे अर्धे वचन देणे होय, हेही येथे ध्यानात घ्यावे लागेल. उंबऱ्यावर बसून इन्शुलिन संपल्याचे लिहून घेणारी बाई दुसऱ्या दिवशी ते घेऊन आली नाही, तर तिसऱ्या दिवशीच्या पथकाला दारातूनच परत पाठविले जाईल, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती त्याच दिवशी खर्च करता येईल अशी रक्कम व औषध उचलण्याचा अधिकार असला पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात बाधितांना द्यावयाच्या मदतीची किमान मानके ठरविण्याची तरतूद आहे, आणि वैद्यकीय सेवा तीत स्पष्ट शब्दांत नमूद आहे. मानक ठरले आहे. ते कोणत्या घरी पाळले गेले नाही हे कळण्याची व्यवस्था तेवढी व्हावयाची आहे.

दरवर्षी मे महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेटे किती, पोहणारे किती, याची मोजणी त्या बैठकीत होते. त्याच बैठकीत वाड्या-वस्त्या-पाल्यांची कुटुंबसंख्येसह अद्ययावत यादी, तीस ठिकाणे निवडण्याची तयार रीत, छापून ठेवलेले तीनशे कोरे फॉर्म आणि पंधरा जोड्यांची नावे टेबलावर ठेवली जावीत. याला खर्च जवळजवळ नाही. कृष्णाकाठच्या आणि कोकणातल्या एखाद्या तालुक्यात येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडण्यापूर्वी, एकदा तालीम करून पाहावी. फॉर्मवरचा कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, हे तेव्हाच समजेल.